‘शक्तीची गोळी’ आणि कोरडी ढास : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या आमवातावरच्या लेखात ‘औषधांशिवाय आणखी काय घेता, तेही डॉक्टरांना सांगा’ असं एक वाक्य होतं. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं सांधेविकार आणि छातीविकार अशा दोन्ही बाजूंनी मिळून लिहिली आहेत. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ५२. चार वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड चालू आहे. सोसायटीतल्या एका वहिनींकडून प्रतिकारशक्तीच्या हिरव्या कॅप्सूल घेतल्या (स्पिरुलिना, गुळवेल, मशरूमचा अर्क). दीड महिन्यात कोरडी ढास लागली, मग जिना चढताना धाप. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, उतार नाही. सिटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग निघाले. आता स्टिरॉइड सुरू आहे. डॉक्टर म्हणतात, ‘कॅप्सूलमुळे असू शकतं.’ पोटात गेलेली कॅप्सूल छातीत कशी पोचली? आणि नक्की काय ते का सांगत नाहीत?
(सुदामा नगर, इंदूर)

कॅप्सूल पोचत नाही, तिच्यातलं द्रव्य पोचतं. आतड्यातून ते रक्तात जातं, यकृतातून हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि तिथून निघालेलं सगळं रक्त फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांतून गाळलं जातं. त्यामुळे रक्तात आलेल्या परक्या द्रव्याशी फुप्फुसाची गाठ पडतेच. बहुतेकांचं काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत ते द्रव्य किंवा यकृतात तयार झालेला त्याचा तुकडा शरीरातल्याच एखाद्या प्रथिनाला चिकटतो आणि पांढऱ्या पेशी त्या जोडगोळीला शत्रू समजून वायुकोशांच्या भिंतीत गर्दी करतात. भिंत सुजते, जाड होते, प्राणवायू रक्तात शिरायला अडचण होते. जंतू नसतोच, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. खोकला कोरडा असतो, कारण सूज श्वासनळीत नसून भिंतीत असते.

आमवात, ल्युपस, श्योग्रेन, स्क्लेरोडर्मा, डर्माटोमायोसायटिस या आजारांत रोगप्रतिकार यंत्रणा आधीच स्वतःच्या शरीराविरुद्ध चिथावलेली असते, म्हणून त्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. स्पिरुलिना, निळं-हिरवं शेवाळ, एकिनेशिया, अल्फाल्फा यांची जाहिरात ‘इम्युनिटी वाढवते’ अशी होते आणि डर्माटोमायोसायटिसच्या रुग्णांमध्ये नेमकं हेच घेतल्यावर आजार उसळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्या यंत्रणेला आवर घालायला तुम्ही दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेता, तिलाच दुसऱ्या हाताने खुराक देणं यात मुळातच विसंगती आहे. हिरव्या कॅप्सूलमधलं नेमकं कोणतं द्रव्य तुम्हाला बाधलं, हा पुढचा प्रश्न. तीन-चार अर्क एकत्र असले की तो सुटणं अवघड.

आता ‘नक्की’बद्दल. तुमच्या बाबतीत संशयित चार आहेत. पहिला, मेथोट्रेक्सेट. त्यानेही असाच दाह होतो, पण बहुतेक वेळा औषध सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात. चौथ्या वर्षी शक्यता कमी होते, संपत नाही. दुसरा, खुद्द आमवात. तो फुप्फुसात शिरतो, पण बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू. दीड महिन्यात असा भडका क्वचित. तिसरा, जंतुसंसर्ग. आपल्याकडे क्षयरोग, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी. ही बुरशी सिटी स्कॅनवर औषधाच्या दाहासारखीच दिसते, म्हणजे दोन्हीकडे पसरलेला धूसर डाग. रिपोर्टात त्याला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. चौथी, ती कॅप्सूल.

यांतून निवड करायला एकच एक चाचणी नाही. एचआरसीटीने, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक कापांच्या सिटी स्कॅनने, दाहाचा नकाशा कळतो, कारण कळत नाही. थुंकीची किंवा दुर्बिणीने काढलेल्या द्रवाची क्षयरोगासाठी सीबीनॅट तपासणी आणि बुरशीची तपासणी स्टिरॉइड वाढवण्याआधी झालेली बरी. दुर्बिणीतून फुप्फुसाचा एक भाग सलाइनने धुतात आणि त्या द्रवातल्या पेशी मोजतात. मॅक्रोफेज, इओसिनोफिल, लिम्फोसाइट हे तिथल्या संरक्षक पेशींचे प्रकार. निरोगी माणसात त्यात मॅक्रोफेज ८५ टक्क्यांच्या वर आणि इओसिनोफिल १ टक्क्याच्या आत असतात. इओसिनोफिल २५ टक्क्यांच्या पुढे गेले तर इओसिनोफिलिक न्यूमोनिया, आणि मग औषधांवरचा आणि सप्लिमेंटवरचा संशय बळावतो. लिम्फोसाइट वाढलेले असतील तर तो दाहाचा दुसरा प्रकार; तोही औषधांनी होतो. जपानमध्ये रुग्णाच्या लिम्फोसाइट पेशी संशयित द्रव्यासोबत वाढवून बघायची एक चाचणी करतात. ऐकायला ती निर्णायक वाटते, पण मेथोट्रेक्सेट आणि काही वनस्पतींच्या अर्कांबाबत ती खोटी होकारार्थी येते. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत, म्हणजे तिचा भरवसा नाहीच.

उरतो काळाचा पुरावा, आणि आमच्या मते तोच सर्वांत वजनदार. कॅप्सूल कोणत्या तारखेला सुरू केली, खोकला कोणत्या तारखेला लागला, कॅप्सूल कधी बंद केली आणि त्यानंतर किती दिवसांत धाप कमी झाली. अडचण अशी की तुमच्याकडे कॅप्सूल बंद आणि स्टिरॉइड सुरू हे बहुधा एकाच दिवशी झालं. मग उतार कशाने पडला ते सांगता येत नाही. डॉक्टर ‘असू शकतं’ म्हणतात ते यामुळे. ते प्रामाणिक उत्तर आहे.

स्टिरॉइडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगणं भाग आहे. अशा दाहात प्रेडनिसोलोन साधारण वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते १ मिलिग्रॅम रोज, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ३० ते ६० मिलिग्रॅम, आणि मग काही आठवडे ते काही महिन्यांत पायरीपायरीने कमी, असा क्रम असतो. ढास थांबली म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. दाह उलटतो, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असा डोस महिनाभर चालणार असेल तर न्यूमोसिस्टिस बुरशीपासून बचावासाठी को-ट्रायमोक्सॅझोल हे जंतुनाशक द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र ती गोळी परस्पर दवा बाजारातून आणून घेऊ नका. मेथोट्रेक्सेट आणि को-ट्रायमोक्सॅझोल एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करायचं का, हे सांध्यांच्या आणि छातीच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. त्याच्यावर संशय उरला तर सहसा दुसरं औषध निवडतात, आणि ज्याचं फुप्फुस एकदा सुजलं आहे त्याला लेफ्लुनोमाइड हे आमवाताचं दुसरं औषध शक्यतो देत नाहीत.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ पदार्थाने फुप्फुसं सुजल्याचं खरंच कुठे सिद्ध झालंय, की ही ॲलोपॅथीवाल्यांची ओरड आहे?
(देवास)

तीन प्रकरणं जगभर नोंदलेली आहेत. तिघांचं कारण वेगवेगळं आहे, म्हणून तिन्ही सांगतो.

जपानमध्ये ‘शो-साईको-तो’ हा सात वनस्पतींचा काढा यकृताच्या जुनाट दाहासाठी डॉक्टरच लिहून देत. १९९६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने त्याच्याबद्दल तातडीचा इशारा दिला. तोवर ८८ जणांना फुप्फुसाचा दाह झालेला होता आणि त्यांतले १० दगावले होते. त्यात आलं आणि ज्येष्ठमधही असतं, पण संशय मुख्यतः स्कुटेलारिया नावाच्या मुळीवर आहे. इंटरफेरॉनचं इंजेक्शन सोबत घेणाऱ्यांना धोका अधिक होता. म्हणजे इथे बाधलं ते द्रव्य स्वतः, आणि प्रतिकार यंत्रणा चाळवणारं औषध जोडीला असताना जास्त.

दुसरं अमेरिकेतलं, १९८९ चं. झोपेसाठी एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या १,५०० हून अधिक लोकांना स्नायूंच्या असह्य वेदना, रक्तात इओसिनोफिलचा पूर आणि अनेकांना खोकला-धाप असा आजार झाला. किमान ३७ जण मेले. ट्रिप्टोफॅन तर दुधातही असतं, डाळीतही असतं. मग? बाधित गोळ्यांचा माग एकाच उत्पादकापर्यंत गेला आणि बोट कारखान्यातल्या प्रक्रियेत आलेल्या अशुद्धतेकडे दाखवलं गेलं. लेबलवर जे लिहिलंय ते निर्दोष असलं तरी डबीत आणखी काय आहे ते लेबल सांगत नाही.

तिसरं तैवानमधलं, १९९४-९५ चं. सॉरोपस नावाच्या झुडपाच्या कच्च्या पाल्याचा रस वजन उतरवायला पिण्याची लाट आली आणि शेकडो बायकांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बुजल्या. काहींना फुप्फुस बदलावं लागलं. हे झुडूप आपल्याकडेही आहे. दक्षिणेत त्याला ‘चेक्कुरमानिस’ म्हणतात आणि नर्सऱ्यांमध्ये ते ‘मल्टिव्हिटॅमिन प्लांट’ या नावानं विकलं जातं. दक्षिण-पूर्व आशियात त्याची शिजवलेली भाजी लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात. कच्चा रस, मोठं प्रमाण आणि रोज : गडबड इथे झाली.

प्रश्न : मला ल्युपस आहे. हिवाळ्यात बोटं पांढरी-निळी पडतात. मध्यंतरी कोरडा खोकला होता, घरच्या ऑक्सिमीटरवर कधी ८८, कधी ९७ येतं. कोणता आकडा खरा मानायचा?
(महू)

बहुधा ९७, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

८८ हा तुमच्या बोटांचा दोष असावा. थंडीत बोटं अशी पांढरी-निळी पडण्याला रेनॉड म्हणतात. त्यात बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात, यंत्राला नाडीच नीट सापडत नाही आणि ते काहीबाही दाखवतं. आधी पाच मिनिटं शांत बसा. हात कोमट पाण्यात धरून कोरडे करा. नेलपॉलिश आणि गडद मेंदी नसलेलं बोट घ्या, हात मांडीवर टेकवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. पडद्यावरचे नाडीचे ठोके मनगटाला बोट लावून मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का, ते पाहा. जुळत नसतील तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. तरीही जमत नसेल तर दवाखान्यात कानाच्या पाळीला लावायचं यंत्र मिळतं.

बसल्या जागचा आकडा सर्वांत शेवटी उतरतो. सुजलेलं फुप्फुस हालचालीत उघडं पडतं. त्यासाठी एक मिनिटाची ऊठ-बस चाचणी घरी करता येते. साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. ऑक्सिमीटर लावा, हातांचा आधार न घेता स्वतःच्या वेगानं मिनिटभर पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं. त्या मिनिटात आणि त्यानंतरच्या मिनिटात दिसलेला सर्वांत कमी आकडा लिहा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ४ किंवा जास्त उतरला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गुडघे साथ देत नसतील तर घरातल्या पॅसेजमध्ये सहा मिनिटं चाला. चाचणी करताना घरातलं कुणी तरी जवळ हवं. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा बसूनच आकडा ९४ च्या खाली असेल तर ही चाचणी करायचीच नाही. बसून ९२ किंवा त्याखाली, बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर : त्याच दिवशी रुग्णालय.

ताप आहे की नाही यावरून निष्कर्ष काढू नका. औषधाच्या दाहातही ताप येतो. डॉक्टरांना पाठीच्या खालच्या भागाला स्टेथोस्कोप लावायला आवर्जून सांगा. वेल्क्रो सोडवताना येतो तसा आवाज तिथे येत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एचआरसीटी लागतो. सुरुवातीचा दाह एक्स-रेत सुटून जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, स्क्लेरोडर्मा आहे. मलावरोधासाठी रात्री झोपताना लिक्विड पॅराफिनचं पांढरं औषध, नाक कोरडं पडतं म्हणून गाईच्या तुपाचे थेंब आणि सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या, असं वर्षभर चालू होतं. स्कॅनमध्ये ‘लिपॉइड न्यूमोनिया’ आलंय. हे तर कुणीच ‘सप्लिमेंट’ म्हणणार नाही!
(रामबाग, इंदूर)

म्हणणार नाही, आणि म्हणूनच विचारलं जात नाही. लिपॉइड न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसात तेल-तूप साचून होणारा दाह. या पत्राला जास्त जागा देतो आहोत, कारण टाळता येण्यासारखं नुकसान यात सर्वांत जास्त आहे.

पाण्याचा थेंब श्वासनळीत गेला की ठसका लागतो. तेल-तुपाला ठसका लागत नाही. ते मऊ असल्यामुळे तिथल्या संवेदना जाग्या होत नाहीत आणि ते गुपचूप खाली उतरतं. स्क्लेरोडर्मात अन्ननलिकेच्या खालच्या भागाला ढकलण्याची ताकद उरत नाही, तिचा खालचा दरवाजाही सैल पडतो. अशा माणसानं रात्री पॅराफिन घेऊन आडवं व्हायचं म्हणजे ते तासाभरात घशाशी परत येणार आणि झोपेत थोडंथोडं फुप्फुसात झिरपणार. नाकात घातलेलं तूप तर उताणं झोपून, डोकं मागे करून घालतात. ते घशाच्या मागच्या भिंतीवरून सरळ खाली जातं.

वायुकोशांत पोचलेलं तेल मॅक्रोफेज पेशी गिळतात. पॅराफिन हे खनिज तेल. ते पचवायचं विकर शरीरात नाही, त्यामुळे पेशी फुटते, तेल बाहेर पडतं, दुसरी पेशी गिळते आणि भोवती हळूहळू व्रण तयार होतो. प्राणिज स्निग्धाचं उलटं : त्याचं विघटन होतं, मोकळी स्निग्धाम्लं सुटतात आणि त्यांनी दाह अधिक होतो. डाग बहुधा खालच्या भागांत, उजवीकडे जास्त. सिटी स्कॅनवर त्या डागाची घनता उणे ३० ते उणे १५० हाउन्सफील्ड एककांत आली तर आत स्निग्ध आहे हे कळतं. आईंच्या रिपोर्टात हा आकडा असेल तर निदानाबद्दल शंका ठेवायचं कारण नाही. स्क्लेरोडर्माचा स्वतःचा फुप्फुसाचा आजारही खालच्याच भागांत असतो, म्हणून दोघांची गल्लत होते आणि कधी नको असताना जड औषधं वाढवली जातात.

उपचार म्हणजे तेल थांबवणं. बाकी सगळं दुय्यम आहे. स्टिरॉइडचा फायदा सर्वांनाच होत नाही. साचलेल्या तेलात क्षयरोगाच्या चुलत-भावकीतले जंतू वाढू शकतात, म्हणून पुन्हा ताप किंवा वजनात घट दिसली तर थुंकी तपासायला द्या.

मलावरोधाला लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल डॉक्टरांकडून लिहून घ्या. इसबगोल परस्पर सुरू करू नका. स्क्लेरोडर्माच्या मंद आतड्यात ते फुगून बसतं आणि पोट आणखी तटतं. नाकाला साधा सलाइनचा फवारा. तेलाच्या गुळण्या बंद. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू १५ सेंटिमीटर उंच करा. जास्तीच्या उशांनी काम होत नाही. उशीमुळे माणूस कमरेत वाकतो, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वरच चढतं. माशाच्या तेलाची कॅप्सूल घेत असतील तर ती दिवसा, बसून, पाण्यासोबत, न चावता आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चूर्णाचा कोरडा फक्का मारायची सवय असेल तर तीही सोडवा.

प्रश्न : मग हळदीचं दूध, आवळा, घरच्या वेलीची गुळवेल, मोड आलेली कडधान्यं सगळंच बंद का?
(राजेंद्र नगर, इंदूर)

नाही. स्वयंपाकाचं प्रमाण आणि डबीचं प्रमाण यांत केवढा फरक आहे, ते पाहा. अर्धा चमचा हळद म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, तीत कर्क्युमिन हे तिचं मुख्य द्रव्य साधारण ३ टक्के, म्हणजे ४५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही फार थोडं शोषलं जातं. बाजारातली कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, ९५ टक्के कर्क्युमिनची आणि शोषण वाढावं म्हणून वर मिरीचा अर्क, पायपेरिन. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पायपेरिन इतर औषधांचं यकृतातलं विघटनही मंदावू शकतं, म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी तर या कॅप्सूलपासून दूरच राहावं. दूध-हळद खुशाल प्या. आवळाही खा.

गुळवेल मात्र सोडा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये ऑटोइम्यून हेपटायटिससारखा यकृताचा दाह नोंदवला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतून मिळून असेच आणखी रुग्ण पुढे आले. वाद चालू राहो. ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे आणि जो यकृतावर भार टाकणारं मेथोट्रेक्सेट घेतो, त्यानं त्या वादात स्वतःचं यकृत पणाला लावायचं कारण नाही. अश्वगंधेबद्दलही हेच, तिच्यानं यकृताबरोबर थायरॉइडही बिघडल्याच्या नोंदी आहेत.

मोडांमध्ये आक्षेप फक्त अल्फाल्फाला, म्हणजे लसूणघासाला. त्यातल्या कॅनाव्हॅनिन या अमिनो आम्लाने माकडांत ल्युपससारखा आजार झाला आणि माणसांत ल्युपस उसळल्याचं दिसलं. परदेशी सॅलडांत आणि ‘ग्रीन’ पावडरींत ते असतं. घरच्या मुगाच्या उसळीला घाबरू नका.

प्रश्न : हे वाचून फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, डी-३ पण थांबवू का?
(टिळक नगर, इंदूर)

अजिबात नाही. फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम आवरतं, आणि स्टिरॉइड घेणाऱ्याच्या हाडांना कॅल्शियम आणि डी-३ लागतंच. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डॉक्टरच थांबवतील. डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. ती चुकून रोज घेतली जाते आणि मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तेवढं पाहा.

प्रश्न : जत्रेत एका वैदूकडून सांधेदुखीची पूड घेतली. दोन दिवसांत बोटं मोकळी झाली, इतकी की मेथोट्रेक्सेट सोडून दिलं. पाच महिन्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली, आणि आता खोकला-धाप.
(सांवेर)

दोन दिवसांत आमवात मोकळा करणारं एकच द्रव्य आहे : स्टिरॉइड. बिननावाच्या पुडीत ते सापडतं, कधी जोडीला डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकंही. गोल चेहरा आणि साखर त्याचीच साक्ष देतात. खोकल्याबाबत मात्र तुमचा संशयितांचा क्रम बदलतो. पहिल्या पत्रात जंतुसंसर्ग तिसरा होता, तुमच्याकडे तो पहिला. पाच महिने अज्ञात मात्रेत स्टिरॉइड म्हणजे क्षयरोगाला आणि न्यूमोसिस्टिसला दार उघडं. शिवाय पाच महिने मेथोट्रेक्सेट नाही, म्हणजे वेदना झाकल्या गेल्या तरी आमवात आत चालूच असेल.

पूड उद्यापासून एकदम बंद करू नका. उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं. उद्याच पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. ते मोजमाप असलेलं स्टिरॉइड देऊन अज्ञात पूड थांबवतील आणि पुढे सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) बघत ते उतरवतील. धाप बसल्या जागी असेल तर उद्याचीही वाट पाहू नका.

प्रश्न : सप्लिमेंट बंद करून तीन महिने झाले तरी ढास आहे. मार्चपासून वाढते.
(लोकमान्य नगर, इंदूर)

मार्चपासून घरात काय सुरू होतं? कूलर. गेल्या वर्षीचीच कुबट वासाची गवती जाळी, टाकीत तेच पाणी. त्यातली बुरशी श्वासातून गेली की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसाचा ॲलर्जीसारखा दाह, होतो आणि तो स्कॅनवर या सगळ्यांची नक्कल करतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत फुप्फुसाच्या अशा आजारांचे १,०८४ रुग्ण होते. त्यांतल्या ४७ टक्क्यांचं निदान हेच होतं आणि एअर कूलरचा संपर्क त्यांत ठळकपणे दिसला. जाळ्या दरवर्षी नव्या लावा, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, आणि खोकला असेपर्यंत कूलर बंदच ठेवा. गॅलरीत कबुतरं असतील तर त्यांना दाणे घालणंही बंद. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून मास्क लावून काढावी, आणि ते काम रुग्णानं करू नये.

प्रश्न : बरं वाटल्यावर तीच कॅप्सूल अर्धी घेऊन पाहिली तर? आणि तक्रार कुठे करायची?
(उज्जैन)

अर्धीही नको. दुसऱ्या वेळी यंत्रणा तयारीत असते. पहिल्या पत्रातल्यासारखा पहिल्यांदा दीड महिना लागला असेल, तिथे काही तासांत धाप लागू शकते. निदान पक्कं करायला म्हणूनही कुणी हे करत नाही.

डबीवर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं असेल तर ते कायद्याने अन्न आहे, औषध नाही. आयुर्वेदिक उत्पादन परवाना क्रमांक असेल तर ते आयुर्वेदिक औषध. इंदूरच्या सियागंज बाजारातून सुटं आणलेलं किंवा साखळी विक्रीत हातोहात आलेलं असेल तर दोन्ही नसण्याची शक्यता. कोणत्याही प्रकारात, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधांसाठी २०१८ पासून वेगळी यंत्रणाही आहे. डॉक्टरांनी कळवलं तर उत्तम, पण त्यांच्यासाठी थांबू नका.

कळवताना हे लागतं : उत्पादनाचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तयार झाल्याची आणि मुदतीची तारीख, रोजचं प्रमाण, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, पहिल्या लक्षणाची तारीख, सोबतची सगळी औषधं मात्रेसह, आणि स्कॅनचा रिपोर्ट. यांतलं बॅच क्रमांकावर बहुतेकांचं घोडं अडतं, कारण तोवर डबी कचरागाडीत गेलेली असते. म्हणून डबी उघडताच लेबलच्या चारही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा आणि झाकणावर पेननं सुरू केल्याची तारीख लिहा. संशय आला तर उरलेल्या कॅप्सूल मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, कोरड्या कपाटात ठेवा. दुसऱ्या बरणीत काढलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळा भरवसा ठेवत नाही.